पैलवानी पिंढऱ्या

रविवारी संध्याकाळी संत्या कट्ट्यावर आला तो डोळे सुजवून. विक्या म्हणाला, "काय मर्दा, बायकोनं धुतला काय?" संत्या म्हणाला, पिक्चर बघितला रात्री. तो पिक्चर त्याला मीच सुचवला होता. मीही रडलो होतो, फक्त तोंड धुऊन आलो होतो.

आमचा कट्टा म्हणजे मिरजेतल्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायऱ्या. समोर चहाचा गाडा. मिरजेत चार माणसं कुठंही बसली तरी त्यात दोघं दवाखान्याच्या लायनीतली निघतात. आमच्यात विक्या औषध कंपनीचा एमआर आहे आणि अस्लम फिजिओथेरपिस्ट. संत्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो. किंवा उलटं.

'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' ही ती डॉक्युमेंटरी, २०२४ ची, नॉर्वेतली. मॅट्स स्टीन नावाच्या पोराची; इबेलिन हे त्याचं गेममधलं नाव. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, म्हणजे स्नायू हळूहळू संपत जाणारा आजार, २०१४ मध्ये २५ व्या वर्षी गेला. शेवटी शेवटी बोटं तेवढी हलायची आणि तेवढ्यावर तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम खेळायचा. आईबापाला वाटायचं, आपल्या पोराला ना मित्र, ना प्रेम, सगळं आयुष्य खोलीत गेलं. तो गेल्यावर त्यांनी त्याच्याच ब्लॉगवर बातमी टाकली आणि खाली ईमेलचा पत्ता दिला. मग अनोळखी लोकांची पत्रं यायला लागली. एकेक पत्र लांबलचक. गेममधल्या त्याच्या गटातली माणसं परदेशातून अंत्यविधीला आली. आईबापानं त्यांची नावंसुद्धा कधी ऐकली नव्हती.

"त्या गेममधल्या हॉलंडच्या पोरीचं सांग की," मी संत्याला म्हटलं. त्याला तेवढंच पाहिजे होतं. "तिच्या घरच्यांनी अभ्यास बुडतोय म्हणून कॉम्प्युटर काढून घेतला. तर ह्या पठ्ठ्यानं तिच्या आईबापाला पत्र लिहिलं! गेम म्हणजे नुसता टाइमपास नाही, तिथं तिची माणसं आहेत म्हणून. आमच्या आईला कोणी असलं पत्र लिहिलं असतं तर..."

"तुझ्या आईनं ते पत्र चुलीत घातलं असतं," विक्या म्हणाला. "आणि बरोबर केलं असतं. तू रडलास. पुढं काय? मंगळवारपर्यंत विसरशील. नॉर्वेतलं पोरगं आहे ते. त्याला सांभाळायला पाळीपाळीनं माणसं होती, चोवीस तास. घर त्याच्या खुर्चीला जमेल असं. आईबापाला रात्री झोप मिळत होती म्हणून पोराला गेम मिळाला. इथं चाळीस किलोचं पोरगं आई उचलून संडासला नेते. तिची पाठ गेल्यावर कोण नेणार? त्याच्यावर काढा म्हणावं पिक्चर."

ह्याला उत्तर नव्हतं. विक्याचं बोलणं तिरकं असतं, पण त्याच्याकडं आकडे असतात आणि तो ते पाठ म्हणतो. अमेरिकेत २०२३ मध्ये ह्या आजारावर जीन थेरपीला, म्हणजे जनुकावरच्या उपचाराला मंजुरी मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर. आपल्याकडं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं. मदतीची मर्यादा ५० लाख रुपये, तीही ठरावीक मोठ्या केंद्रांतून, आपल्या राज्यात मुंबईच्या केईएमसारख्या. "मिरजेच्या बाईनं चाळीस किलोचं पोरगं घेऊन परळला जायचं. रेल्वेनं. बोल आता इबेलिन."

"पण तो पिक्चर आजारावर नाहीच," मी म्हटलं. मला हे नीट सांगता येत नव्हतं, म्हणून आवाज चढला. "पहिला भाग आईबापाच्या डोळ्यांनी दिसतो. घरचे व्हिडिओ, छोटं पोर पळतंय, पडतंय, मग खुर्ची, मग खोली. आपण रडतो. मग तेच आयुष्य पुन्हा सुरू होतं, गेमच्या आतून. गेममधलं सगळं लिखित बोलणं साठलेलं होतं, हजारो पानं, त्यावरून अॅनिमेशन केलंय. तिथं तो एकटा नाहीच. म्हणजे पहिल्या भागात आपण रडलो ते न घडलेल्या गोष्टीवर."

"मग दुसऱ्या भागात का रडलास?" विक्यानं विचारलं.

"कारण आईबापाला कळलं नाही."

"तेच तर. तू आईबापासाठी रडलास. पोरासाठी कोण रडलं?"

"त्याला नकोच होतं!" संत्या मध्ये पडला. "म्हणून तर कित्येक वर्षं गेममधल्या लोकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे अरेरे करत बसले असते. तिथं तो इबेलिन होता, उंच, देखणा, पोरींवर लाइन मारणारा. आणि भांडायचा पण. दुखवायचा लोकांना. देवमाणूस नव्हता काय."

हे मला आवडलं. आपल्याकडं आजारी माणसाला देवमाणूस व्हावंच लागतं, नाहीतर वर्गणी जमत नाही.

अस्लम एवढा वेळ गप्प होता. तो कपाचा तळ बघत बसला की काहीतरी येणार असतं.

"आमच्याकडं पोरं येतात ना ह्यातली," तो म्हणाला, "उशिरा येतात. का माहितीय? पिंढऱ्या. पिंढऱ्या अशा गच्च भरलेल्या दिसतात. आपला सगळा तालमीचा मुलूख. आज्जा पोराच्या पिंढरीवर थाप मारतो, म्हणतो पैलवान होणार. आणि स्नायू तर आतनं संपत चाललेला असतो. डिस्ट्रोफिन म्हणून प्रथिन असतं, ते शरीर बनवतच नाही. स्नायू वापरला की झिजतो, पुन्हा भरून येत नाही, त्या जागी चरबी साठते. वरनं पैलवान. मग पोरगं जिना चढेना. जमिनीवरनं उठताना हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उठतं. घरचे म्हणतात आळशी आहे. शाळेत पीटीचे सर पण तेच म्हणतात. मग कोणीतरी रक्त तपासतं, सीपीके हजारांत येतो, म्हणजे स्नायू झिजून रक्तात उतरतोय."

गाडेवाल्या मामांनी विचारलं, अजून दोन कटिंग काय. कोणी उत्तर दिलं नाही, त्यांनी चार ठेवले.

"आणि निदान झालं की मग आईला बोल," अस्लम म्हणाला. "तुझ्याकडनं आलंय. एक्स गुणसूत्रावरचा दोष, म्हणून मुलग्यांना होतो, खरंय. पण सगळ्या केसमध्ये आईकडनं येत नाही. बऱ्याच पोरांत नव्यानंच झालेला असतो. हे मी सासूला समजावतो. सासू मान हलवते आणि घरी जाऊन तेच बोलते."

विक्या म्हणाला, "हेच म्हणतोय मी. हे दाखवा."

"दाखवा की. पण विक्या, मला त्या पिक्चरमध्ये दुसरंच टोचलं. तो पोरगा गेममध्ये पळायला जायचा. लॉगिन केलं की नुसतं पळायचं, रान, तळी, डोंगर. मी दहा वर्षं सांधे हलवतोय ह्या पोरांचे. गुडघा सरळ ठेवा, घोट्याला ताण द्या, आकडू देऊ नका. आई वहीत सगळं लिहून घेते. माझ्याकडं एक पोरगं आहे, बारा वर्षांचं. पाय मी हलवतो, ते वर मोबाईल धरून असतं. मी दर वेळी म्हणतो, ठेव तो बाजूला."

"मग?" संत्या म्हणाला.

"मग काय. ठेवतं."

"खेळतं काय ते?"

अस्लमनं कप खाली ठेवला. "विचारलं नाही कधी."

"अरे, नाव तरी बघितलं असशील. बंदुकावाला होता का गाड्यांचा? स्क्रीन आडवी धरतं का उभी?"

"आडवी."

"आवाज येतो? बोलतं का कोणाशी?"

अस्लम आठवायला लागला. खरंच आठवत होता, डोळे बारीक करून. "इयरफोन असतो एका कानात," तो म्हणाला. "मला वाटायचं गाणी."

विक्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चहा ओतला त्यात. चार कटिंगचे पैसे कोणी द्यायचे ह्यावरून पुन्हा पाच मिनिटं गेली. ज्यानं मागवलेच नाहीत त्यानं का द्यायचे, हा विक्याचा मुद्दा. शेवटी मी दिले.

उठताना संत्या अस्लमला विचारत होता, ते पोरगं कुठल्या दिवशी येतं.

"गुरुवारी," अस्लम म्हणाला. "साडेदहाला."