देशी की सुधारित? नुसती अंडी मोजून हे ठरत नाही

परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, वर्षाला अंडी किती? देशी 50-60, फार तर 70, सुधारित जातींपैकी गिरिराज 130-150 आणि ग्रामप्रिया तर 160-180. झालं, देशी बाद! मला हा हिशोबच अर्धा वाटतो, आणि त्यापायी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कोंबड्या काढून टाकतात याचं खरंच वाईट वाटतं.

देशी कमी अंडी का देते ते बघा ना. 12-15 अंडी झाली की ती खुडूक बसते. मग 21 दिवस अंड्यांवर, दिवसातून एखाद वेळ उठणार, घाईघाईत दाणे टिपणार, पाणी पिणार की परत डालग्यात, आणि हात घातलात तर अंग फुगवून चोच मारणार. पिल्लं निघाली की पुढचे दीड-दोन महिने त्यांच्याच मागे, उकिरडा उकरून किडे दाखवायचे, वर घार दिसली की असा आवाज काढायचा की सगळी पिल्लं क्षणात पंखाखाली. एका खेपेला असे तीन महिने गेल्यावर अंडी घालायला वर्षात उरतं किती? उबवणी, ऊब आणि राखण हे सगळं ती एकटी करते, ते कुणी धरतच नाही. (कडकनाथ मात्र देशी असूनही खुडूक बसायला कच्ची, हे घेण्याआधी माहीत असू द्या.)

सुधारित जाती वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज किंवा बंगळुरूची गिरिराज, या परसासाठीच तयार केलेल्या आहेत, पिसं रंगीत आहेत, वजन लवकर भरतं, अंडं मोठं येतं. घरात रोज अंडी हवीत तर यांच्यासारख्या याच. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पुढची पिल्लं परत विकतच आणायची. घरचीच अंडी उबवली तर पुढच्या पिढीत तो जोर राहत नाही, कारण मुळात हे संकर आहेत. नुसतं चरून तेवढी अंडी मिळतील असंही नाही, वरून खाद्य द्यावं लागतं, आणि वनराजला जास्त दिलं तर चरबी चढून अंडी उलट कमी होतात.

सगळ्यात जास्त राग येतो तो एक दिवसाची पिल्लं ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी सोय) नसलेल्या घरात देतात त्याचा. पहिल्या आठवड्यात 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. रात्री लाईट गेली की पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची चेंगरून मरतात. मग लोक म्हणतात जातच खराब. अहो, चार-सहा आठवडे वाढवलेली, लसी झालेली पिल्लं घ्या ना, थोडी महाग पडली तरी जगतात तरी!

आणि देशीला रोग होत नाही हे कृपा करून पसरवू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की देशीचं खुराडंही रिकामं होतं. त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, पुढचे डोस पशुवैद्यकाला विचारून वेळेवर, दोन्हींना सारखंच.

माझं मत विचाराल तर अंड्यांसाठी थोड्या सुधारित ठेवा, पण देशीचा कळप मोडू नका आणि सुधारित कोंबडा त्यात सोडू नका, नाहीतर हळूहळू खुडूक बसणाऱ्या कोंबड्याच कमी होत जातात. जी कोंबडी जास्त अंडी देते आणि पिल्लं नीट जगवते तिच्याच तलंगा (तरुण कोंबड्या) पुढे ठेवा, कोंबडा मात्र दुसरीकडून आणा आणि अधूनमधून बदला. देशीचीच अंडी वाढवायची असतील तर पिल्लं जरा मोठी झाली की वेगळ्या डालग्यात ऊब देऊन सांभाळा, आई लवकर मोकळी होते आणि पुन्हा अंड्यावर येते.