जास्त गरज असलेल्या शाळेला जास्त शिक्षक द्या, आणि ते तिथे टिकतील हेही बघा

"सगळ्या शाळांना सारखंच द्या, एकाला जास्त दिलं की तो भेदभाव" हे वाक्य शिक्षणावरच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी टाकतंच आणि ऐकायला ते पटतंही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी झालीये, पण वाचा.

पहिलीचे दोन वर्ग डोळ्यासमोर आणा. एकीकडच्या बहुतेक मुलांच्या घरी पुस्तकं आहेत, रात्री कुणीतरी गोष्ट वाचून दाखवतं, बालवाडी झालेली आहे. दुसरीकडे बऱ्याच घरांत वाचता येणारं माणूसच नाही, आईवडिलांना कामासाठी सारखी जागा बदलावी लागते, घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी. पट दोन्हीकडे ४०. मग दोन्हीकडे एकेक शिक्षक दिला की झाली का समानता?

वाचन शिकवायचं म्हणजे प्रत्येक मुलाचं वाचन स्वतःच्या कानाने ऐकावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही. पाऊण तासाची तासिका, ४० मुलं, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. घरी वाचून घेणारं कुणी असेल तर तेवढ्यात भागतं, नसेल तर त्या मुलाचं दिवसभराचं वाचन तेवढंच. मी अशा एका वर्गात मागे बसलो होतो, शेजारची मुलगी फळ्यावरचं सगळं वहीत उतरवत होती, अक्षर इतकं वळणदार की कुणीही शाबासकी द्यावी, आणि त्यातल्याच एका शब्दावर बोट ठेवून हे काय लिहिलंयस विचारलं तर नुसती माझ्याकडे बघत राहिली. वही तपासली तर सगळं बरोबर! बाई चांगल्या होत्या, मनापासून शिकवत होत्या, पण तिच्याजवळ पाच मिनिटं बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

आणि पदं ठरतात कशी, तर डोकी मोजून. आपल्याकडचा २००९ चा शिक्षण हक्क कायदाही प्राथमिकला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, असाच हिशोब लावतो. तेवढं किमान हवंच, पण त्या आकड्यात मूल कुठून येतंय हे कुठेच धरलेलं नाही.

जास्तीचं दिल्याने फरक पडतो का, तर पडतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मोठा प्रयोग झाला, मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १३ ते १७ च्या लहान आणि २२ ते २५ च्या नेहमीच्या वर्गांत वाटली. लहान वर्गातली मुलं पुढे गेली आणि गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना जास्त फायदा झाला. फ्रान्सने १९८१ मध्येच मागास भागांतल्या शाळांना जास्तीची साधनं द्यायचं धोरण आणलं आणि २०१७ पासून सगळ्यात गरजू शाळांमध्ये पहिलीचा वर्ग साधारण १२ मुलांवर आणला.

पण इथेच एक मोठी मेख आहे, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये पहिल्या काही इयत्तांचे वर्ग २० मुलांवर आणायचं ठरवलं, सगळीकडे एकदम, गरीब-श्रीमंत न बघता. झालं काय, अचानक हजारो नव्या जागा निघाल्या, चांगल्या वस्तीतल्या शाळांनी अनुभवी शिक्षक उचलले आणि गरीब भागात पूर्ण प्रशिक्षण न झालेले लोक भरले गेले. वर्ग लहान झाले पण ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्याकडचा अनुभवी माणूस निघून गेला.

हे एरवीही चालूच असतं. पगार सिनियॉरिटीवर असतो, सिनियर शिक्षक सोयीची शाळा मागून घेतात (त्यांना दोष देत नाही, प्रवास आणि संसार त्यांनाही आहे), अवघड शाळेत नवखे येतात आणि संधी मिळाली की बदली घेतात. कागदावर दोन्ही शाळांना सारखीच पदं, पण पगारावरचा खर्च बघितला तर गरीब शाळेवर कमी पैसा जातोय. म्हणजे ज्याला आपण समान वाटप म्हणतो तेच मुळात उलटं आहे! म्हणून नुसतं पद मंजूर करून भागत नाही, तिथे राहणाऱ्याला भत्ता, राहायची सोय, बढतीत त्या वर्षांचं वजन, हे सगळं सोबत यायला हवं.

निधीचंही तसंच. अमेरिकेच्या १९६५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यातल्या टायटल वन निधीला (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा पैसा) एक अट आहे, हा पैसा राज्य आणि स्थानिक पैशाच्या वर द्यायचा, त्याच्या जागी नाही. ही अट फार महत्त्वाची, कारण वरून जास्तीचे आले की खालून नेहमीचे कापायचा मोह कुठल्याही प्रशासनाला होतो.

आणि प्रत्येक जास्तीचा माणूस फळ्यासमोरच उभा राहायला हवा असंही नाही. आयर्लंडमध्ये १९९० पासून अशा शाळांमधल्या एका शिक्षकाला वर्ग न देता घरोघरी पाठवतात, पालकांशी बोलायला, शाळेशी जोडून ठेवायला. मूल चार दिवस आलं नाही तर का आलं नाही हे विचारायला दारात जाणारं कुणीतरी लागतं, आणि वर्ग सोडून बाईंनी ते कधी करायचं?

आता शेवटची भीती. शाळा जरा सुधारली की "आता यांना गरज नाही" म्हणून जास्तीचं पद काढून घ्यायचं, हे सगळ्यात घातक, कारण पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणारी मुलं त्याच घरांतून येणार आहेत. निदान एक बॅच पहिलीपासून पाचवी पूर्ण करेपर्यंत तरी ते पद हलवायचं नाही, एवढं नियमातच लिहून हवं.