४९९ रुपयांत बाराशे धंदे

माझ्या मेव्हण्याला नोकरी सोडायची आहे. हे त्याच्या फोनला कुठून कळतं कोण जाणे, पण त्याच्याकडे रोज एक नवा धंदा येतो आणि रात्री जेवणं झाली की तो माझ्याकडे ढकलला जातो. गेल्या महिन्यात आलेला मेसेज तुम्हीही पाहिला असेल. आकडे आणि फोटोतली गाडी बदलते, मजकूर साधारण हाच असतो:

"फक्त ४९९ रुपयांत १२०० सॉफ्टवेअर, मास्टर रीसेल राइट्ससह. एकदा घ्या, आयुष्यभर विका. १०० टक्के नफा तुमचा. कोडिंग नको, सपोर्ट नको. छोटी निश पकडा, स्पर्धाच नाही. पूर्ण कायदेशीर. विकायला अफिलिएट ठेवा, त्यांना ५० टक्के द्या आणि तुम्ही झोपा."

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. म्हणजे मेसेजमधली ती 'छोटी निश', एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकांचा लहानसा बाजार, हे माझं पोट आहे. सुरुवातीची काही वर्षं दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर रीसेलर म्हणून विकलं. आता स्वतःचं विकतो आणि जो गिऱ्हाईक आणून देईल त्याला, म्हणजे मेसेजमधल्या 'अफिलिएट'ला, कमिशन देतो. त्यामुळे रीसेलवर किंवा कमिशनवर माझा राग नाही, या मेसेजवर आहे. मेव्हण्याशी फोनवर तासभर झालेली हुज्जत जरा क्रमाने मांडतो.

"एकदा घ्या, आयुष्यभर विका."

या व्यवहारात हक्क तीन तऱ्हेचे असतात. साधे रीसेल राइट्स म्हणजे मी प्रत विकू शकतो, पण माझं गिऱ्हाईक ती पुढे विकू शकत नाही. मास्टर रीसेल राइट्स म्हणजे प्रतीबरोबर विकण्याचा हक्कही पुढे जातो. प्रायव्हेट लेबल म्हणजे नाव-लोगो बदलून आपलं म्हणून विकायची मुभा. मेसेजमध्ये मधला हक्क आहे आणि तो बक्षिसासारखा मिरवलाय. खरी गोम तिथेच आहे. मी ज्याला विकलं तो त्याच दिवशी माझा प्रतिस्पर्धी झाला. फाइल तीच, हक्क तोच, आणि घातलेले पैसे लवकर वसूल करायचे म्हणून त्याचा भाव माझ्यापेक्षा कमी. दुसरी प्रत काढायला खर्च शून्य, त्यामुळे भाव घसरायला तळच नाही. ९९९ चे ४९९ होतात, ४९९ चे ९९, आणि शेवटी कुणीतरी टेलिग्रामवर सभासद वाढवायला अख्खा गठ्ठा फुकट टाकतो. आठवडी बाजारात सगळ्यांनी एकाच मळ्यातली वांगी आणली तर भाव पडतोच, पण वांगी निदान संध्याकाळपर्यंत संपतात किंवा सुकतात.

मेव्हण्याला विचारलं, "या बाराशेतलं एक तरी सॉफ्टवेअर तू स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकशील?"

तो म्हणाला, "मला कशाला, दाजी? मी विकणार आहे."

तो ज्याला विकेल तोही हेच म्हणणार. या साखळीत वापरणारा माणूसच नाही. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे पुढचा विक्रेता, आणि विकलं जातंय ते सॉफ्टवेअर नव्हे, तर 'आपणही विकू शकू' ही आशा. आता नुसती फाइल पुढे विकली म्हणून कुणी पिरॅमिड, म्हणजे खालून येणाऱ्यांच्या पैशांवर वरच्यांना पोसणारी साखळी, चालवतो असं होत नाही, तेवढा न्याय करायला हवा. पण जिथे आधी प्रवेशाचे पैसे भरायचे आणि मग माणसं जोडण्याचेच पैसे मिळणार, तिथे प्रकरण वेगळं. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ सालचा आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजना पुन्हा नाव घेऊन बंद केल्या आहेत. मेसेजच्या तळाशी 'आमच्या टीममध्ये सामील व्हा' असेल तर हे आठवा.

"छोटी निश पकडा, स्पर्धाच नाही. सपोर्ट नको."

ही दोन वाक्यं एका श्वासात लिहिणाऱ्याने निश लांबूनही पाहिलेली नाही. माझं उदाहरण देतो, कारण मला दुसरं येत नाही.

दूध संस्थेत सकाळी साडेपाचला संकलन सुरू होतं. उत्पादक कॅन घेऊन रांगेत. काट्यावर दूध मोजलं की वजन वायरीतून कॉम्प्युटरात येतं, फॅट मशीनमधून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतात, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती छापली जाते. गायीला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ आणि म्हशीला ६ व ९ धरून मूळ दर, पुढे पॉइंटापॉइंटाला वाढ किंवा कपात. दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्य, उचल, ठेव अशा कपाती. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक, म्हणजे वर्षाअखेरी वाटायचा जादा भाव. तो कसा काढायचा हे प्रत्येक संस्थेचं वेगळं, आणि काही ठिकाणी ते फक्त सचिवांच्या डोक्यात असतं.

प्रत्येक कंपनीचं फॅट मशीन आकडे वेगळ्या क्रमाने पाठवतं. नव्या कॉम्प्युटरला जुना सीरियल पोर्ट नसतो, मग यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा. झाडताना कुणीतरी तो काढून शेजारच्या भोकात घालतं, कॉम्प्युटरच्या लेखी त्या जोडणीचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ होतो, आणि मला फोन येतो: "अहो, काटा दावतोय पाच पॉइंट दोन आणि कॉम्प्युटर दावतोय शून्य. माणसं खोळंबल्यात!" त्या वेळी सचिवांना 'सपोर्ट समाविष्ट नाही' असं सांगून बघावं एखाद्याने.

शिवाय धंद्याच्या बाहेरची माणसं धंद्याचे नियम बदलतात. २०२१ मध्ये व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी नोंदणीची सक्ती अंमलात आली. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवायचा, नाहीतर मेसेज अडणार. 'आज ६.२ लीटर, फॅट ३.९' हा दोन ओळींचा मेसेज पुन्हा सुरू करायला मला संस्थांच्या कागदपत्रांत कित्येक दिवस घालवावे लागले. २०२४ ला राज्य सरकारने गायीच्या दुधाला लीटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं, तर त्यासाठी उत्पादकाचं बँक खातं आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर हवा होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये बिल्ल्याचा रकानाच नव्हता. तो रातोरात घालावा लागला आणि मला घालता आला, कारण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, माझ्याकडे आहे. ४९९ च्या गठ्ठ्यात असते तयार एक्झी फाइल, जी नुसती चालवायची, आतून बदलायची सोय नाही. ती लिहिणारा कोण, कुठल्या देशातला, आज हे काम करतो का, कशाचाच पत्ता नाही. तीत नवा रकाना कोण घालणार?

निशमध्ये स्पर्धा कमी असते हे खरं आहे. ती कमी असते, कारण हे सगळं करायला फारसं कुणी तयार नसतं. गठ्ठा विकत घेणाऱ्याला नेमकं हेच करायचं नसतं.

"पूर्ण कायदेशीर."

गठ्ठ्याबरोबर सोनेरी काठाचं एक प्रमाणपत्र येतं. मेव्हण्याने मला ते पाठवलं. त्यावर 'आजीवन हक्क' असं ठळक अक्षरांत आहे. लेखकाचं नाव नाही, देणाऱ्याचं नाव नाही, सही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो, आणि त्याचे हक्क किंवा परवाना द्यायचा तर तो लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे प्रश्न प्रमाणपत्र किती सुंदर आहे हा नाही. ते देणाऱ्याकडे हक्क कुठून आला, त्याच्या आधीच्याकडे कुठून आला, असं मागे मागे जाऊन मूळ लेखकापर्यंत पोचता येतं का, हा आहे. पोचता आलं नाही तर विकणारा अडकतो. कॉपीराइट भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि 'मला ग्रुपवर मिळालं' हा काही बचाव नव्हे.

रीसेलर म्हणजे अर्धा मालक, हाही गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात निकाल दिला. वाद होता प्राप्तिकराचा, पण त्यात एक फरक स्पष्ट झाला: वितरकाच्या हातून जाते ती सॉफ्टवेअरची प्रत. कॉपीराइट त्याच्याकडे येतच नाही.

एक अपवाद मान्य करतो, नाहीतर कुणीतरी मला पकडेलच. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जगात बरेचसे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, जीपीएल या खुल्या परवान्याखाली असतात आणि तो परवाना कोड पुढे विकायला खुली परवानगी देतो. तिथे रीसेल खरोखर कायदेशीर आहे. पण मूळ कंपनीचं नाव-चिन्ह त्यात येत नाही. लायसन्स की, अपडेट आणि मदतही येत नाही. पुन्हा गाडी सपोर्टपाशीच येऊन थांबते.

"अफिलिएट ठेवा आणि तुम्ही झोपा."

कमिशनवर सॉफ्टवेअर विकणं ही कल्पना या रील्सवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत १९८३ ला बॉब वॉलेस नावाच्या माणसाने मायक्रोसॉफ्ट सोडून पीसी-राइट हा लिहिण्याचा प्रोग्रॅम काढला. फ्लॉपी मित्रांना वाटायला मोकळीक. आवडला तर ७५ डॉलर भरून नोंदणी करा. नोंदणी केलेल्याला स्वतःचा क्रमांक मिळायचा, आणि त्याच्या फ्लॉपीवरून पुढे कुणी नोंदणी केली की त्याला २५ डॉलर. वेब जन्मायच्या आधीचं अफिलिएट मार्केटिंगच ते. ॲमेझॉनने लिंकवर कमिशन द्यायला सुरुवात केली १९९६ ला आणि क्लिकबँक ही डिजिटल मालाची अफिलिएट बाजारपेठ आली १९९८ ला.

वॉलेसच्या योजनेत फ्लॉपी वाटणारा आधी स्वतः त्या प्रोग्रॅमवर पत्रं, अहवाल लिहीत होता. शेजाऱ्याने विचारलं की दाखवायचा. माझ्याकडे कमिशन घेणारे सगळे तसेच आहेत: काटे दुरुस्त करणारे, पशुखाद्याचे विक्रेते, एक निवृत्त सचिव. त्यांना मी पहिल्या वर्षाच्या वर्गणीचे २० टक्के देतो. कुणाला शिफारस करायची नाही हेही त्यांना कळतं, कारण उद्या त्याच गावातून त्यांना जायचं असतं.

आता ५० टक्क्यांचा हिशेब करू. माझी वर्षाची वर्गणी ६,००० रुपये, जीएसटी वेगळा. अफिलिएटला ३,०००. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४१ रुपये ६० पैसे. उरले २,८५८. त्यातून बसवायला जायचं पेट्रोल, कन्व्हर्टर, सचिवांना आणि त्यांच्या मदतनिसाला शिकवायचे दोन दिवस. फाइल पाठवून मोकळं होणाऱ्याला ५० काय, ७५ टक्केही परवडतात, कारण त्याला विकल्यानंतर काही करायचंच नसतं. मोठं कमिशन बघितलं की मी आधी हेच ताडतो.

आणि झोपेबद्दल. अफिलिएट काय बोलतो याची जबाबदारीही पूर्ण झटकता येत नाही. पैसे घेऊन शिफारस करत असाल तर ते स्पष्ट सांगा, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचे निर्देश जानेवारी २०२३ पासून आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'महिन्याला लाख कमावले' असं सांगणारे आणि खाली अफिलिएट लिंक चिकटवणारे किती जण 'मला यातून कमिशन मिळतं' असं लिहितात ते तुम्हीच बघा.

"१०० टक्के नफा" यावर वेगळं लिहायला काही उरलं नाही. जाहिरातीचा खर्च, परतावे आणि स्वतःचा वेळ शून्य धरला की कुठल्याही धंद्यात नफा १०० टक्केच असतो.

हे सगळं ऐकून मेव्हणा थोडा वेळ गप्प बसला. मग कळलं की ४९९ त्याने आधीच भरले होते. परत मागितले तर उत्तर आलं, 'डिजिटल प्रॉडक्ट, नो रिफंड', आणि त्याखाली दुसऱ्या गठ्ठ्याची ऑफर.

मी त्याला म्हटलं, तुला विकायचंच आहे ना, मग माझं विक, २० टक्के घे, पण आधी चार दिवस माझ्याबरोबर संस्थांत फीर. तो फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः फॅट मशीन जोडलं आणि पावती निघाल्यावर फोटो काढून बायकोला पाठवला. गेल्या आठवड्यात त्याने त्याच्या मामांच्या गावची संस्था आणली, १,२०० रुपये घेतले. सचिवांना नंबर त्याने स्वतःचा दिला होता. पहिला फोन त्यालाच गेला, पहाटे पाच चाळीसला.