कुंभारणीच्या घरात कोण कोणाचं ध्यान करतं?

दिवाळीच्या साफसफाईत गॅलरीतल्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागं मातीचे दोन गोळे सापडले, आमच्याकडं सांगलीला ज्याला कुंभारणीचं घर म्हणतात ते. लेकीनं स्क्रूड्रायव्हरनं एक खरवडला तर आतून सात-आठ हिरव्या अळ्या खाली पडल्या. मेल्यासारख्याच वाटत होत्या, पण एकीला काडी लावली तर अंग जरासं हललं आणि "बाबा, जिवंत आहेत ह्या!" करत पोरगी जी आत पळाली ती संध्याकाळपर्यंत गॅलरीत आली नाही.

जिवंतच असतात. कुंभारीण माशी अळीला मारत नाही, डंख मारून फक्त लुळी करते, कारण मेली तर दोन दिवसांत सडेल आणि फ्रीज तर नाही. मडक्यात आधी स्वतःचं अंडं घालते, तेही छताला बारीक दोऱ्यानं टांगून, म्हणजे खालची एखादी अळी वळवळली तरी धक्का लागायला नको. मग अळ्या भरून तोंड लिंपून निघून जाते, परत बघायलाही येत नाही. अंड्यातनं निघालेलं पिल्लू ताज्या अळ्या एकेक करून खातं, तिथंच कोष करतं आणि एक दिवस मातीला भोक पाडून माशी होऊन बाहेर.

आता गंमत बघा. माझी आज्जी हेच सांगायची पण वेगळं सांगायची. माशी अळीला कोंडते, अळी भीतीनं रात्रंदिवस माशीचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच माशी होते. कीटक-भृंगी न्याय. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे जे चोवीस गुरू आहेत त्यात ही माशी आहे, म्हणजे एकनाथी भागवतातही आली, कीर्तनात तर अजून ऐकू येते. आणि मला खरंच वाटतं की ह्याला अंधश्रद्धा म्हणून हसू नये, कारण बघणाऱ्यानं बघितलं अगदी बरोबर होतं. आत गेली अळी, बाहेर आली माशी, मधलं मडकं बंद! कुणी फोडून बघितलं नाही एवढंच.

डार्विननं मधलं बघितलं होतं. 1860 मध्ये एसा ग्रे ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं की दयाळू देवानं मुद्दाम अळीला जिवंतपणी आतून खाणाऱ्या माश्या घडवल्या असतील हे मला पटत नाही. त्या इकन्युमोनिड माश्या, आपल्या कुंभारणीच्या लांबच्या नात्यातल्या. एकाला त्यात भक्ती दिसली, एकाला क्रौर्य. माशीला दोन्हीशी काही देणंघेणं नाही.

माझा खरा राग वेगळ्यावर आहे. पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांना म्हणतात तो "मित्रकीटक" हा शब्द. कुणाचा मित्र? 2002 ला आमच्या भागात उसावर लोकरी मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आला तेव्हा पानं खालून पांढरी, पीठ भुरभुरल्यासारखी, आणि वर चिकट पडून काळी बुरशी. वडिलांनी फवारे मारले, शेजाऱ्यांनी मारले, पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून पानाच्या खालनं फवारायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मावा आटोक्यात आणला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस ह्या मावा खाणाऱ्या किड्यांनी, नंतर ईशान्य भारतातनं आणलेली एन्कार्सिया ही टाचणीच्या टोकाएवढी माशी. डिफा म्हणजे पतंगाची अळी बरं का, पानं सोडून मावा खाणारी, शाकाहारी खानदानातली मटणवाली! लोक डिफा असलेली पानं कापून दुसऱ्याच्या उसात नेऊन लावायचे, मी स्वतः सायकलवरनं नेलीत. पण ती आमच्यावर उपकार करायला नव्हती आली, तिला मावा पाहिजे होता. मैत्री म्हणलं की आपण गृहीत धरतो की ते आपोआप राहतील आणि पुढच्याच हंगामात सरसकट विष मारतो. त्यात मावाही मरतो आणि खाणारेही मरतात, पण मावा भराभर पिल्लं देतो, खाणाऱ्यांना वेळ लागतो, म्हणून मावा आधी परत येतो.

आणि ओळखच नाही हो. कोबीवरच्या अळीला चिकटलेले पांढरे तांदळासारखे दाणे दिसले की लोक म्हणतात अंडी घातली, आणि चिरडतात. ती अंडी नसतात, अळीला आतून खाऊन बाहेर पडलेल्या बारीक माश्यांचे कोष असतात! ह्यांतल्या काही माश्या अंड्याबरोबर अळीच्या अंगात एक विषाणूही सोडतात, तो अळीची प्रतिकारशक्ती पाडतो, म्हणजे माशीनं विषाणू पाळलाय. ढालकिड्याची पिल्लं पण अशीच, मगरीसारखी काळी-नारिंगी, बघूनच माणूस चप्पल काढतो, आणि दिवसभर मावा तीच खात असतात.

दुसरा गोळा मी ठेवला. बायकोनं कटकट केली, पेस्ट कंट्रोलवाला येणार होता त्यालाही गॅलरी सोड म्हणलं. तीन आठवड्यांनी सकाळी भोक पडलेलं, आणि बाहेर बसलेली माशी कुंभारीण नव्हतीच! हिरवी-निळी, मोराच्या पिसासारखी चमकणारी. स्टिल्बम म्हणतात हिला. ही कुंभारणीच्या लिंपलेल्या मडक्याला भोक पाडून आपलं अंडं घालते, हिचं पिल्लू कुंभारणीच्या पिल्लाला खातं. म्हणजे अळ्या कुंभारणीच्या पोरानं खाल्ल्या आणि पोराला हिनं.

आज्जी असती तर विचारलं असतं, ह्यात ध्यान नेमकं कोण कोणाचं करत होतं.