लायकाचा पहिला डिजिटल कॅमेरा एम८ नव्हे

जर्मनीची लायका कंपनी फिल्मला चिकटून बसली होती आणि २००६ मध्ये एम८ काढून एकदाची डिजिटलमध्ये उतरली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तिचा स्टुडिओसाठीचा एस१ हा डिजिटल कॅमेरा १९९६ सालचा. तो ओळीओळीने स्कॅन करत फोटो टिपायचा. एका फोटोला काही मिनिटं लागायची, म्हणजे माणसांचे फोटो बादच! पुढे आर८ आणि आर९ या फिल्म कॅमेऱ्यांच्या पाठीवर बसणारं १० मेगापिक्सेलचं डिजिटल मॉड्यूल आलं, तेही एम८च्या आधी. एम८ हा फक्त एम मालिकेतला पहिला डिजिटल कॅमेरा. त्यात काळं सिंथेटिक कापड जांभळट दिसायचं, ही तक्रार मात्र खरी. इन्फ्रारेड किरण पुरेसे अडत नव्हते, म्हणून कंपनीने ग्राहकांना दोन फिल्टर फुकट दिले.