फुकटचा फॉन्ट आणि काकीचा ळ

आज सकाळी मालवणहून कुडाळला जाताना चौके गावाच्या पुढे एक नवाकोरा फ्लेक्स दिसला आणि तेव्हापासून डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही. ‘समुद्रकिनाऱ्यावर घरगुती मालवणी जेवण’ असं लिहायचं होतं त्यांना. ‘किना’पर्यंत ठीक. पुढे र, र च्या खाली टिंब, टिंबाला खेटून मोडलेला पाय, आणि मग सुटा ‘या’. खालच्या ओळीत ‘ॲडव्हान्स बुकिंग’मधल्या ॲ च्या जागी रिकामा चौकोन. एवढा मोठा फ्लेक्स, मागे माड, समुद्र, पापलेटाचं ताट, खर्च चांगला झालेला दिसतोय. आणि अक्षरं अशी की भातात खडा लागावा.

फोटो काढलाय, पण टाकणार नाही. हॉटेलवाल्याचा काय दोष, त्याने पैसे मोजले. ज्याने बनवला त्याला स्क्रीनवर हे दिसलं असणारच. दिसलं आणि तो ‘चालतंय’ म्हणाला. अशांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मॅडम, फ्री फॉन्ट आहे. फुकटात एवढंच मिळतं.’

खोटं. साफ खोटं आहे हे.

फुकटात काय मिळतं ते सांगते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता मिळतो, सात वजनांत, अगदी किडकिडीतपासून ठळकपर्यंत. त्यांचाच ‘अनेक’ नावाचा मिळतो, ज्यात अक्षराची जाडीही बदलता येते आणि रुंदीही, म्हणजे बोर्ड अरुंद असला तर अक्षरं हाताने चेपायची गरजच नाही. बालू आहे, मोदक आहे (नाव तसंच रूप). जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांच्या वळणावरून केलेला जैनी आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, खंड, तेको, कलम, रोझा वन आहेत. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन आहे, आमच्या चाकरमान्यांना बघताक्षणी घरचा वाटेल असा. पुस्तकासाठी टिरो देवनागरी मराठी आहे. संस्कृत श्लोक छापायचा असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. सगळे फुकट आणि सगळे कायदेशीर. आणि तुम्ही म्हणता एवढंच मिळतं?

आता आमच्या काकीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

काकी आमच्या शेजारची. घरी आगळ (कोकमाचा रस), फणसपोळी, कुळथाचं पीठ करते आणि विकते. तिचा पुण्याचा पुतण्या गणपतीला आला होता, त्याने ओसरीवर बसल्या बसल्या लॅपटॉपवर लेबलं करून दिली. कुठल्याशा साइटवरून छान गुबगुबीत फॉन्ट उतरवला, रंगबिंग भरले, छापून गठ्ठाही आला. आणि त्या फॉन्टात ळ नव्हता. ळ च नव्हता! सॉफ्टवेअरने गुपचूप दुसऱ्याच फॉन्टातला ळ उचलून तिथे बसवला. ‘फणसपो’ गुबगुबीत आणि ‘ळी’ बारीक. ‘आग’ जाडजूड आणि ळ मरतुकडा. पोराच्या लक्षातही आलं नाही. काकीने चष्मा लावला, लेबल उजेडात धरलं आणि म्हणाली, ‘ह्यो ळ खंयसून इलो गो? पावनो वाटता.’

चौथी शिकलेली बाई. जे तिला दिसतं ते तुम्हाला का दिसत नाही हो?

ळ चंच घ्या. हिंदीत ळ लागत नाही, म्हणून फक्त हिंदीचा विचार करून केलेल्या फॉन्टात तो एकतर नसतो, किंवा शेवटी आठवण झाल्यावर केल्यासारखा असतो, कमरेत वाकलेला. आणि इकडे कोकणात काय विकतो आपण? आगळ, फणसपोळी, आंबापोळी, कुळीथ, नारळ, तांदूळ. अर्धा मेवा ळ मध्ये आहे. मग फॉन्ट निवडताना ‘कोकण’ लिहून बघता आणि ‘वा, मस्त’ म्हणता, ते कशासाठी? क, ण कुठल्याही फॉन्टात बरेच दिसतात. ‘आगळ’ लिहून बघा ना.

तसाच तो ऱ्या. किनाऱ्यावर, दऱ्याखोऱ्यांत, वाऱ्यावर, पायऱ्या. आपलं अख्खं पर्यटन त्या एका अर्ध्या र वर उभं आहे आणि तोच फुटतो. ॲ युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली आला, ₹ २०१० साली. त्याआधी बनलेला आणि नंतर कोणी हात न लावलेला फॉन्ट घेतला की तिथे चौकोन येणार. यात जादू काही नाही. फॉन्ट शेवटचा कधी सुधारला एवढं पाहिलं की कळतं.

आणि ल, श. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलाय. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, पण इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. (आणि त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा बाबांनो, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि मग फॉन्टला शिव्या.) ही भानगड नको असेल तर टिरोचा मराठी घ्या, त्यात मराठी वळण आधीपासूनच असतं. हिंदी वळणाचा ल वाचता येत नाही असं नाही. येतो. तरी मला तो मालवणच्या बोर्डावर नको. ही माझी खोड समजा.

बरं, एक मान्य करते. चौक्याच्या फ्लेक्सवरचा ऱ्या फॉन्टने फोडला नसेलही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी नीट बसत नाही, चांगला फॉन्टसुद्धा तिथे फुटतो. पण ॲ चा चौकोन? तो फॉन्टचाच.

आणि हो, छापखानेवाल्यांचा राग येऊ देऊ नका. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर आयुष्य काढलेली माणसं आहेत ती, पत्रिका काय देखण्या करतात. कागदावर त्यांचं काम अजूनही सुरेख दिसतं. फक्त ती फाइल दुसरीकडे उघडली, मजकूर कॉपी केला, की सगळा पाला हाती येतो. लोकांना आता तोच मजकूर व्हॉट्सॲपवर, गूगलवर, जत्रेच्या फ्लेक्सवर सगळीकडे हवा असतो. दर वेळी नव्याने टाइप करायचं का? करतात बिचारे. मला त्यांच्यावर चिडता येत नाही.

चिड येते ती त्या ‘१००० फ्री मराठी फॉन्ट’ अशा झिपा वाटणाऱ्यांची. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक. आत काय असतं? विकतचे फॉन्ट फोडून भरलेले, नावं बदललेले, निम्मे युनिकोडच नसलेले. ज्याने ते रात्री जागून काढले त्याला दमडी नाही. आणि शिवाय खाली ‘शेअर करा, मराठी जगवा’. असं जगवतात मराठी? दुसऱ्याच्या बागेतले हापूस काढून वाटले तर आपल्याकडे लोक काय म्हणतात ते मी इथे लिहू शकत नाही.

फुकट म्हणजे काय ते एकदा तरी वाचा. वर सांगितलेले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. त्यात धंद्यासाठी वापरा, छापा, ॲपमध्ये घाला, हवं तर अक्षर बदला, सगळी मुभा आहे. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि बदलून पुढे दिलात तर तोही त्याच लायसन्सवर द्यायचा, या मुख्य अटी. झिपमध्ये लायसन्सची एक साधी मजकुराची फाइल असते. ती असेल तर शांतपणे झोपा. नसेल, किंवा ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलं असेल, तर तो काकीच्या बाटलीवर चालणार नाही, कारण काकी आगळ विकते. पुतण्याचा गुबगुबीत फॉन्ट नेमका तसलाच होता, मी नंतर जाऊन पाहिलं. ‘मालवणात कोण येतंय पकडायला?’ असं तो म्हणाला. कोणी येणार नाही, खरंय. तरीही नाही.

मी काकीला लेबलं नव्याने करून दिली. नावाला बालू, खाली बारीक मजकुराला मुक्ता. बारीक मजकूर हा खरा कसाला लावणारा भाग असतो: साहित्य, वजन, तारीख, परवान्याचा नंबर, सगळं बोटभर जागेत. तिथे नखरेल फॉन्ट मरतो. खाकी कागदावर शाई पसरते, ‘ष्ठ’ आणि ‘क्ष’ची पोटं भरून काळे ठिपके होतात, म्हणून मधल्या जाडीचा फॉन्ट घ्यायचा आणि पोटं मोकळी असलेला घ्यायचा. आणि ते बी चं बटण दाबून ठळक करणं बंद करा हो. फॉन्टात खरा ठळक नसेल तर सॉफ्टवेअर नुसती कड सुजवतं. मुक्तात खरा ठळक आहे, तो वापरा. ओळींमध्ये जागा सोडा. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकलेला मी रोज बघते. इंग्रजीचं अंतर मराठीला पुरत नाही, आपल्या अक्षरांना वरही डोकं आहे आणि खालीही पाय.

मंगल फॉन्टबद्दल एक शब्द, कारण कोणीतरी विचारणारच. मंगल वाईट नाही. सुलेखनकार आर. के. जोशींसारख्या माणसाने केलेला आहे, विंडोजच्या पडद्यावर मराठी वाचता यावी म्हणून. अर्ज लिहा, पत्र लिहा त्यात. पण तो ताणून वीस फुटी फ्लेक्सवर लावता तेव्हा त्या माणसाच्या कामाचा अपमान होतो असं मला वाटतं.

तर लेबलं झाली. काकीने ळ वर बोट फिरवलं, ‘आता घरचो दिसता’ म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग तो पुतण्या फोनवर विचारतो, ‘ताई, फॉन्ट तर फ्री आहे म्हणालीस, मग पैसे कसले?’

कसले म्हणजे?

अरे, कुळीथही तुमच्या कुणग्यातच पिकतो, म्हणून काकी पीठ फुकट देते का? कुठला फॉन्ट कुठे लावायचा, तो छापल्यावर कसा दिसेल, ळ आहे का, आकडे मराठी लावायचे की इंग्रजी, हे बघायला मी बसले होते ना? हेच वाक्य मला कणकवलीत ऐकवतात, वेंगुर्ल्यात ऐकवतात, एका मोठ्या बागायतदाराने आंब्याच्या पेटीच्या डिझाइनवरून ऐकवलं. पेटीचा पुठ्ठा फुकट आला नव्हता. गवत फुकट आलं नव्हतं. फक्त मी फुकट.

जाऊ दे. पुतण्या वाईट पोरगा नाही, पुढच्या दिवशी पैसे पाठवले त्याने आणि लायसन्सची फाइल कुठे असते तेही विचारलं.

खरं तर मला त्या फॉन्ट बनवणाऱ्यांचं कौतुक वाटतं, आणि ते बोलायला बसले होते, मध्येच सगळ्यांवर घसरले. इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं. देवनागरीला नुसती बाराखडी काढून भागत नाही, शेकडो जोडाक्षरं एकेक काढावी लागतात: द्ध, द्व, ट्ट, ह्य, क्त, श्र. प्रत्येक वेलांटी कुठल्या अक्षरावर किती लांब जायची ते ठरवावं लागतं. एवढं करून कोणीतरी ते आपल्यासारख्यांसाठी मोकळं सोडून देतं. मालवणातल्या एका बाईच्या फणसपोळीला त्या माणसाचं अक्षर लागतं आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

विकतचे फॉन्ट जास्त चांगले असतात का? काही असतात. सुलेखनाच्या वळणाचे तर नक्कीच, त्यात फुकटवाले अजून मागे आहेत. परवडत असेल तर विकत घ्या, मी कुठे अडवतेय. आणि हो, सगळीकडे मुक्ता आणि बालू दिसायला लागलेत, कंटाळा येतो, हेही मान्य. पण फुटलेल्या ऱ्यापेक्षा कंटाळा परवडला.

आता कामाचं. मी कुठलाही नवा फॉन्ट उतरवला की त्यात आधी ही ओळ टाकते. कॉपी करून ठेवा:

‘लक्ष्मीच्या ॲपवर कुऱ्हाडीएवढ्या फणसपोळीची ऑर्डर, किंमत ₹१५८९, पत्ता: श्रद्धा निवास, कट्टा, किनाऱ्याजवळ.’

कट्टा गावाला किनारा नाही हे मला माहीत आहे, त्यावरून सुरू होऊ नका. ओळ एकदा मोठी करून बघा, एकदा अगदी बारीक, आणि एकदा घरच्या प्रिंटरवर छापून. कुठे चौकोन आला, टिंब लोंबलं, ळ पाहुणा वाटला, तर फॉन्ट कितीही गोड दिसो, उडवा.

काकीला आता आंबापोळीचं लेबल हवंय. तिचं मन मोदकवर बसलंय, मला तो त्या छोट्या पाकिटावर फारच जाड वाटतोय, म्हणून मी ‘अनेक’चा अरुंद ठळक दाखवलाय. काल रात्रीपासून आमचं भांडण चालू आहे. दोन्ही नमुने खाली टाकते, बघून सांगा. काकी फेसबुकवर नाही, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला घाबरू नका.