ढास

बीपीची गोळी सुरू करायची त्या रात्री मी खोक्यातला घडीचा कागद उलगडला. तो एकदा उलगडला की पुन्हा तसाच घडी करून आत बसवणं मनुष्यमात्राला शक्य नसतं, पण ते नंतर कळलं.

'चक्कर येणे' वाचलं आणि पलंग किंचित डोलला. 'अंगावर पुरळ' वाचताच पाठ खाजायला लागली, तीही नेमकी हात पोचत नाही तिथे. त्या कागदावर 'क्वचित' म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. आयुष्यात कुठल्या सोडतीत माझा नंबर लागलेला नाही, पण इथे लागणार याबद्दल शंका उरली नाही. मी बायकोला उठवलं.

"अहो, गोळी अजून तुमच्या हातातच आहे," ती म्हणाली.

याला नोसिबो म्हणतात. त्रास होणार असं मनानं घेतलं की तो होतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, त्रास होतो म्हणून स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने नकली आणि काही महिने कुठलीच नाही. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के नकलीनंही वाढवला. हे वाचून मी इतका ओशाळलो, की यापुढे गोळीवर कसलाही आळ घ्यायचा नाही असं ठरवून टाकलं.

तीन आठवड्यांनी ढास लागली. कोरडी. घशात कुणी पीस फिरवतंय अशी. दिवसा बरी असायची, पण रात्री पाठ टेकली की उबळ. मी पंखे पुसले, उशी बदलली, पुस्तकांचं कपाट बाहेरच्या खोलीत गेलं. पुस्तकं निर्दोष निघाली, कपाट मात्र अजून तिथंच आहे. मेहुण्याच्या सल्ल्यानं सर्दी-खोकल्याचं औषधही घेतलं. त्यात नाक मोकळं करणारं औषध होतं, जे बीपी वाढवू शकतं. म्हणजे एका गोळीनं दाबायचं आणि चमच्यानं पुन्हा वर काढायचं.

तपासणीला गेलो. यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरांच्या भुवयाही वर गेल्या. आणखी काय घेता, विचारलं. मी उत्तरादाखल खोकलो.

"रामिप्रिल. या जातीच्या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलंच एक रसायन साठतं, त्यानं खोकला येतो. दहातल्या एखाद्याला होतो. कागदात लिहिलेलं असतं की!"

होतंच. 'नेहमी आढळणारे' या मथळ्याखाली. मी घाईनं 'क्वचित'कडे गेलो होतो.

या घराण्यातली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ साली आली. ती सुचली ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून. महिनाभर मी रात्री फुसफुसत होतो त्याला निदान काही कुळाचार होता.

"स्वतःहून बंद केली नाहीत हे बरं केलंत," असं म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली, खोकल्याचं औषध थांबवलं आणि ढास जायला काही आठवडे लागतील असं बजावलं. तीन आठवड्यांत ती गेली.

नव्या खोक्यातला कागद बायकोनं माझ्या आधीच काढून घेतला. रात्री चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मी गोळी घेऊन शांत झोपतो आहे. तिला मात्र कालपासून जरा गरगरतंय.